मागून बेल वाजवली आणि घोडा बुजला

प्रश्न: आम्ही तिघं मित्र दर रविवारी कोथरूडवरून सायकलनी खडकवासल्याच्या पुढं, डोणज्याकडं जातो. तिथं शेतांमधून एक कच्ची वाट आहे, गावातली माणसं, वॉकवाले, आम्ही आणि जवळच्या रायडिंग क्लबचे घोडे, सगळे तीच वापरतात. मागच्या रविवारी पुढं घोडा दिसला म्हणून मी बेल वाजवली, तरी तो एकदम आडवा उडाला, वरची बारा-तेरा वर्षांची मुलगी पडता पडता वाचली आणि तिचे सर माझ्यावरच ओरडले. बेल वाजवली होती ना, मग चूक माझी कशी?

उत्तर: बेल किती जवळ जाऊन वाजवलीस ते लिहिलं नाहीयेस मित्रा, आणि मला वाटतं सगळी गोम तिथंच आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण शेपटीच्या बरोब्बर मागचं नाही, आणि तू नेमका तिथनंच येत होतास. सायकलला ना टापांचा आवाज ना इंजिनाचा, त्यात पाठीशी अचानक टिंग झालं की घोडा विचार करत बसत नाही, आधी पळतो, त्याचा जीव त्यावरच वाचत आलाय.

म्हणून बेल नको, माणसासारखं बोल. 25-30 पावलं लांबूनच स्पीड कमी करून "ताई, मागून सायकल येतीये, तिघं आहोत, जाऊ का?" आणि त्याचा कान बघ, एक कान तुझ्याकडं वळला म्हणजे ऐकलं त्यानं. दोन्ही कान मानेला चिकटले तर तिथंच पाय टेकव. जाताना तिघंही एकाच बाजूनं, लांबून, सावकाश. दोघं डावीकडनं एक उजवीकडनं असं अजिबात नको.

इंग्लंडात घोड्यांच्या वाटांवर सायकलला परवानगी मिळाली ती 1968 च्या कायद्यानं, पण पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची या अटीवर. आपल्याकडं तिथं बोर्ड नसला तरी मला हा क्रम पटतो.

सरांचं ओरडणंही बरोबर नव्हतं, त्यानं घोडा अजून बिथरतो. आणि वेताळ टेकडीवर दोन्ही कानांत इअरफोन घालून चौघं आडवे चालणाऱ्यांनीही हे वाचावं, त्यांना तर हाक पण ऐकू जात नाही.

येत्या रविवारी आधी क्लबवर जा, सरांना भेट, घोडे किती वाजता बाहेर काढतात ते विचार. आणि ते हो म्हणाले तर सायकल हातात धरून समोरून त्या घोड्याजवळ जा, त्याला हँडलचा वास घेऊ दे.