डब्यावरची खूण नेमकी कुणासाठी असते?

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. बहुतेकांनी वस्तूवर छापलेल्या कुठल्यातरी खुणेबद्दल विचारलंय, कुठे रंगाचा पट्टा, कुठे बारकोडचे आकडे, कुठे कुलपाचं चित्र, आणि जवळजवळ प्रत्येकाकडे ती माहिती फॉरवर्ड होऊन आलीय. म्हणून ती सगळी पत्रं आज एकत्रच घेतली. वाचताना एक प्रश्न मनात ठेवा, ही खूण छापणाऱ्याने ती कुणी वाचावी म्हणून छापली? कारण बऱ्याचदा ती आपल्यासाठी नसतेच.

टूथपेस्टच्या ट्यूबच्या तळाशी हिरवा पट्टा असेल तर पेस्ट नैसर्गिक आणि काळा असेल तर पूर्ण केमिकल, असा मेसेज आलाय. काळ्या पट्ट्याची पेस्ट दोन महिने मुलांपासून लपवून ठेवलीय. फेकून देऊ का?

नका फेकू ताई, त्या पट्ट्याचा आतल्या पेस्टशी काहीही संबंध नाही. ट्यूब बनते तेव्हा तिचं छापील मटेरियल लांबलचक रोलवरून पळत येतं आणि कुठे कापायचं, कुठे सील मारायचं हे मशीनला कळायला हवं, त्यासाठी तो पट्टा असतो. मशीनचा प्रकाशाचा सेन्सर तो वाचतो. त्याला फक्त मागच्या रंगापेक्षा ठळक वेगळा रंग लागतो, म्हणून पांढऱ्या ट्यूबवर काळा किंवा निळा आणि गडद ट्यूबवर फिका दिसतो. छपाईत जी शाई आधीच वापरात आहे तीच बहुतेक वेळा तिथेही वापरली जाते. असेच ठिपके बिस्किटांच्या, शाम्पूच्या पाकिटांवरही असतात, तिथे कुणी घाबरत नाही.

आणि नैसर्गिक विरुद्ध केमिकल ही वाटणीच मुळात चुकीची आहे, पाणी आणि मीठही रसायनंच. पेस्ट निवडताना बघायचंच असेल तर मागे फ्लोराइड किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, लिहिलंय ते बघा, दात किडू नयेत म्हणून साधारण १००० ते १५०० पीपीएमची शिफारस असते. अगदी लहान मुलांना पेस्ट अगदी थोडी द्यायची आणि गिळू द्यायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

बारकोडचे पहिले तीन आकडे बघून वस्तू कुठल्या देशात बनली ते कळतं ना? आमच्या ग्रुपवर यादीच आहे, ६९० ते ६९९ चीन, ८९० भारत वगैरे.

ती यादी बरीचशी बरोबर असते, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो, आणि अर्धी खरी गोष्ट जास्त पक्की बसते म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

जगभर हे नंबर देण्याचं काम जीएस१ नावाची संस्था करते आणि तिच्या देशोदेशी शाखा आहेत. कंपनी ज्या शाखेकडून नंबर घेते त्या शाखेचे आकडे सुरुवातीला लागतात, एवढंच. म्हणजे ८९० चा अर्थ या कंपनीने भारताच्या शाखेकडे नोंदणी केली असा होतो. तिचा माल कुठल्या कारखान्यात बनला, सुटे भाग कुठून आले, हे त्या आकड्यांत कुठेच नसतं. एकाच कंपनीचे कारखाने तीन देशांत असले तरी सगळ्यांवर एकच सुरुवात येऊ शकते, आणि ६९० ने सुरू न होणारी वस्तू चीनमध्ये बनलेली असू शकते. हवं तर घरातलं कुठलंही पुस्तक उलटं करून बघा, ९७८ ने सुरू होणारा नंबर असेल, नियतकालिकांना ९७७ असतो. ९७८ नावाचा देश थोडाच आहे! आणि दुकानदाराने स्वतः वजन करून चिकटवलेल्या स्टिकरवर बऱ्याचदा २ ने सुरू होणारा आकडा असतो, तो फक्त त्याच दुकानात चालतो.

बारकोड दुकानातल्या स्कॅनरसाठीच जन्मला. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावातल्या एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं, तेव्हापासून त्याचं काम एकच, ही वस्तू कुठली ते कॉम्प्युटरला सांगणं. शेवटचा तेरावा आकडा तर निव्वळ स्कॅनरची चूक पकडायला असतो. समजा पहिले १२ आकडे ८९०१२३४५६७८९ आहेत. एक सोडून एक घ्या, ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, त्याची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०, हे १० ने पूर्ण भागलं जातं म्हणून शेवटचा आकडा शून्य. बेरीज १३४ आली असती तर १४० व्हायला ६ लागले असते, मग शेवटी ६. घरातल्या कुठल्याही तेरा आकडी बारकोडवर मुलांना हे करायला द्या, त्यांना फार आवडतं.

वस्तू कुठे बनली हे बघायचं तर वेष्टनावर तसं शब्दांत लिहिलेलं शोधा.

चार्जरवर सीई लिहिलेलं असतं. अक्षरं लांब लांब असतील तर युरोपचं, जवळ जवळ असतील तर चायना एक्स्पोर्ट, असं ऐकलं.

चायना एक्स्पोर्ट नावाचं कुठलंही अधिकृत चिन्ह नाही. सीई म्हणजे युरोपच्या नियमांनुसार वस्तू आहे असं बनवणाऱ्याने केलेलं जाहीर विधान. दोन अक्षरांमधलं अंतर नियमात ठरलेलं आहे, ते चुकलं असेल तर छपाई चुकली असेल किंवा कुणी नियम न पाळता खूण मारली असेल. खरी गोम वेगळीच आहे. पुष्कळ वस्तूंच्या बाबतीत ही खूण बनवणारा स्वतःच लावतो, बाहेरच्या कुणी तपासलेलंच असतं असं नाही, त्यामुळे अंतर अगदी बरोबर असलं तरी तो दर्जाचा शिक्का नाही. स्वस्त बिननावाचा चार्जर हातात घेऊन अक्षरांमधलं अंतर मोजत बसण्यापेक्षा तो ओळखीच्या ठिकाणाहून, बिलासकट घ्या.

फोन आयपी ६८ आहे म्हणून पोहायला घेऊन गेलो, बंद पडला. सर्व्हिस सेंटर म्हणतं पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही. ही सरळ फसवणूक नाही का?

तुमचा राग मला पूर्ण समजतो. माझ्या भावाचं घड्याळ असंच गेलं, मागे ३० मीटर कोरलेलं आणि तो तर जेमतेम छातीभर पाण्यात उतरला होता. त्यानंतर मी हे नीट वाचून काढलं, म्हणून सांगतो.

आयपी नंबरमध्ये दोन आकडे वेगवेगळे वाचायचे असतात. पहिला धुळीचा, ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने स्वतः सांगायचं, त्यामुळे दोन आयपी ६८ फोन सारखेच टिकतील असं नाही. ही चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, साध्या स्वच्छ आणि स्थिर पाण्यात होते. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, समुद्राचं मीठ, साबण, गरम पाणी यातलं काहीच त्यात नसतं. नळाची जोरदार धारही नाही, तिच्यासाठी वेगळे आकडे आहेत, ५ आणि ६. शिवाय आतले रबरी सील आणि गोंद वर्षागणिक झिजतात, एकदा फोन पडला किंवा स्क्रीन बदलली की तर सांगताच येत नाही. म्हणजे तो नंबर प्रयोगशाळेचा निकाल आहे, तुमच्या फोनचं आजचं आरोग्य नाही.

घड्याळाचं ३० मीटरही तसंच, तो चाचणीतल्या दाबाचा आकडा आहे, तिथपर्यंत बुडी मारा असा अर्थ नाही. ३० मीटरवाल्या घड्याळाला हात धुताना उडालेलं पाणी चालतं असं घड्याळवालेच सांगतात, नियमित पोहायचं असेल तर १०० मीटर लिहिलेलं घ्या आणि सील अधूनमधून तपासून घ्या.

वॉरंटीचं म्हणाल तर, अटींमध्ये पाण्याचं नुकसान वगळलेलं बहुतेक ठिकाणी असतंच, पण मला विचाराल तर जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवायचा आणि अटीत बारीक अक्षरांत हात झटकायचे हे बरोबर नाही. ती जाहिरात तुमच्याकडे असेल तर तक्रारीला जरूर जोडा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक कायद्यात बऱ्याच देशांत दाद मागता येते आणि वॉरंटीकार्डावर काही लिहिलंय म्हणून कायद्याने दिलेला हक्क आपोआप संपत नाही. युरोपियन युनियनमध्ये तर कंपनीच्या वॉरंटीशिवाय वेगळी किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते.

आणि पुढच्या वेळी भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, ॲपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलं, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. चार्जिंगची बाजू खाली करून हलकेच झटका, वारा लागेल असा ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका.

पॉवर बँक २०००० एमएएच, फोनची बॅटरी ५०००, मग चार वेळा चार्ज व्हायला हवा ना? तीनदाही होत नाही.

२०००० हा आतल्या सेलचा आकडा, तो साधारण ३.७ व्होल्टवरचा. २०००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॉट-तास होतात, ही आत साठलेली एकूण ऊर्जा. बाहेर वीज ५ व्होल्टने द्यायची म्हणजे तेच १४८०० एमएएच, त्यातलं थोडं व्होल्टेज बदलण्यात आणि उष्णतेत जातं, फोनमध्येही थोडं जातं. त्यामुळे अडीच ते पावणेतीन वेळा हा हिशोब ठीकच आहे, तुमची पॉवर बँक बिघडलेली नाही. खरेदी करताना बारीक अक्षरांतली रेटेड कपॅसिटी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, वाचा, ती जास्त खरी. आणि वॉट-तास पाठ ठेवा, विमानात १०० पर्यंतची पॉवर बँक साधारणपणे परवानगी न घेता चालते, पण ती हातातल्या बॅगेतच, चेक-इन सामानात अजिबात नाही.

वेबसाइटला कुलूप दिसतंय म्हणजे ती सुरक्षित ना? वडिलांनी कुलूप बघूनच कार्डाचा नंबर टाकला आणि पैसे गेले.

ऐकून खूप वाईट वाटलं. वडिलांना दोष देऊ नका प्लीज, कुलूप बघा हे आपणच सगळ्यांनी वर्षानुवर्षं शिकवलंय.

कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंद आहे, मधल्या कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, प्रामाणिक माणूस की चोर, हे ते सांगत नाही. पाकीट सीलबंद आहे, पण पत्ताच चोराचा. पूर्वी त्यासाठीचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागायचं, २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या ना-नफा उपक्रमाने ते सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली, वेबसाठी ती फार चांगली गोष्ट झाली, पण फसव्या साइटलाही कुलूप मिनिटांत मिळू लागलं. गैरसमज इतका पसरला होता की क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं आणि तिथे सेटिंगचं साधं चिन्ह ठेवलं.

बघायचं ते साइटचं नाव, आणि ते उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं https:// सोडून पुढे पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच आधीचे दोन शब्द, काही पत्त्यांत तीन, तो खरा मालक. अमुकबँक डॉट तमुक डॉट कॉम असं असेल तर ती साइट तमुकची, अमुकबँकेची नाही, ते नाव तर कुणीही पुढे लावू शकतो. मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही, स्वतः टाइप करायचं किंवा बँकेचं ॲप उघडायचं. पैसे गेल्याचं कळताच कार्ड ब्लॉक करा आणि बँकेला लेखी कळवा, कळवायला किती वेळ लागला यावर बऱ्याच ठिकाणी परतावा अवलंबून असतो, त्यामुळे अजून केलं नसेल तर हे पत्र वाचून होण्याआधी करा.

नेटवरून घेतलेल्या फोटोखाली मी नेहमी साभार लिहिते. त्यावर कॉपीराइटची गोल सी ची खूणही नव्हती. तरी फोटोग्राफरने पैसे मागितलेत. द्यायचे का?

खूण नसणं म्हणजे हक्क नसणं, हा फार जुना गैरसमज आणि तो येतो कुठून तेही सांगतो. अमेरिकेत एकेकाळी ती खूण खरंच सक्तीची होती. इतर बऱ्याच देशांत कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराने वेगळी वाट धरली, त्यातल्या १९०८ च्या दुरुस्तीपासून कलाकृती तयार झाली की हक्क आपोआप, नोंदणी नको, खूण नको. अमेरिका त्या करारात १९८९ मध्ये आली, तेव्हा तिथलीही सक्ती गेली, समज मात्र उरला. आज १८० हून जास्त देश त्या करारात आहेत.

साभार लिहिणं हा चांगुलपणा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी निर्मात्याचं नाव देणं कायद्यानेही लागतं, पण नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. शेजाऱ्याची सायकल न विचारता घेऊन वर त्याचं नाव लिहिल्यासारखं आहे ते. अपवाद म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना, तिथे मालकाने आधीच परवानगी दिलेली असते आणि नाव देणं ही त्याची अट असते, पण तो परवाना फोटोपाशी लिहिलेला हवा. दहा सेकंदांपेक्षा कमी गाणं चालतं, फोटो तीस टक्के बदलला की आपला, हे आकडेही कुठल्या कायद्यात नाहीत. समीक्षा, शिक्षण, बातमी यासाठी सवलती आहेत पण त्या देशागणिक वेगळ्या. फोटोचा मालक कोण यातही फरक पडतो, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काही देशांत गिऱ्हाइकाचा तर काही देशांत फोटोग्राफरचा.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. फोटो आजच काढा, पण त्याआधी पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, कधी टाकला आणि कुठे वापरला ते नोंदवून ठेवा. मग त्यांना नम्रपणे लिहा आणि ते खरंच मालक आहेत याचा पुरावा मागा, मूळ मोठ्या आकाराची फाइल असेल तर ते सहज दाखवू शकतील. मालक असतील तर तुम्ही कमाईसाठी वापरला होता की छंदापुरता ते स्पष्ट सांगा आणि त्यांचा अशा वापराचा नेहमीचा दर विचारा, बहुतेक वेळा त्याच्या आसपास मिटतं. मागितलेली रक्कम त्या दराच्या कितीतरी पट असेल किंवा वकिलाची नोटीस आली असेल तर मात्र स्वतः उत्तर न देता वकिलाला दाखवा.