दुधाच्या वहीतले स्वप्न

"मला पडलेले हे स्वप्न देवाने दिले आहे का, आणि दिले असेल तर आता मी काय करायचे?" हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांचे समुपदेशन करताना मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारा बहुधा घाबरलेला असतो, आणि माझ्याकडे येण्याआधी त्याने दोघा-चौघांकडून उत्तर घेतलेलेही असते. नगर जिल्ह्यातल्या एका बाईंची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून, येथे सांगते. त्यांना मी काकू म्हणेन.

काकूंचे वय बावन्न. त्यांचे यजमान आठ वर्षांपूर्वी परगावच्या एसटी स्टँडवर हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आणि बातमी घरी पोहोचेपर्यंत सगळे संपलेले होते. एकुलता एक मुलगा परिचारक असून त्याला मस्कतच्या एका रुग्णालयात नोकरी लागली होती. ज्या आठवड्यात व्हिसा आला त्याच आठवड्यात काकूंना स्वप्न पडले: यजमान भिजलेल्या शर्टाने स्टँडवर उभे आहेत, मुलाची बॅग त्यांच्या हातात आहे, बस सुटते आहे आणि ते काहीतरी सांगत आहेत, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू येत नाही. महिन्याभरात हेच स्वप्न तीनदा पडले. प्रार्थनासभेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी अर्थ लावला की बाप लेकाला बोलावतो आहे, म्हणजे हा देवाचा इशारा आहे आणि मुलाला पाठवू नये. काकूंनी उपवास धरला. त्या पहाटे तीनला उठून प्रार्थनेला बसू लागल्या. झोप गेली, अन्न जाईना, आणि मुलाचा पासपोर्ट त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवला.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "ताई, हा सगळा मनाचा खेळ आहे असं तुम्ही म्हणणार असाल, तर मी आत्ताच उठते." मी तसे म्हणणार नव्हते. ज्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, बेथेलच्या वाटेवर धोंडा उशाला घेतलेल्या याकोबाला स्वप्नात शिडी दिसते, गिबोनात शलमोनाशी देव स्वप्नात बोलतो, आणि पेन्टेकॉस्टच्या सणादिवशी येशूचा शिष्य पेत्र योएल संदेष्ट्याचे वचन घेऊन वृद्धांना स्वप्ने पडतील असे सांगतो, त्यांना स्वप्न म्हणजे निव्वळ मेंदूची हालचाल असे सांगून भागत नाही. मात्र तेच शास्त्र स्वप्नांविषयी सावधही आहे, आणि आपल्या मंडळ्यांत ही दुसरी बाजू क्वचितच वाचली जाते. स्वप्न खरे ठरले तरी ते सांगणारा परक्या देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नये, असे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा तेरावा अध्याय बजावतो. कामाच्या व्यापाने स्वप्ने पडतात, असे 'उपदेशक' हे पुस्तक सरळ सांगते. यिर्मया संदेष्टा तर स्वप्न आणि वचन शेजारी ठेवून विचारतो की गव्हापुढे भुसा तो काय.

काकूंना मी येशूच्या जन्माची हकिगत सांगणारे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांत पाच स्वप्ने आहेत, चार मरीयेचा पती योसेफ याला आणि एक मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना. वाचून झाल्यावर मी विचारले की प्रत्येक स्वप्नानंतर माणसाने काय केले. त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "मरीयेला घरी आणलं. मागी दुसऱ्या वाटेने गेले. मिसरात पळाले. परत आले. गालीलात गेले." मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "पण ताई, मिसराचं स्वप्न इशाराच होता की." त्यांचे म्हणणे बरोबर होते. देवाचे स्वप्न नेहमी गोडच असते असा नियम मला करता येत नाही. दुःखाने पोळलेला ईयोब तर देवालाच म्हणतो की तू मला स्वप्नांनी घाबरवतोस. पण त्या पाचही स्वप्नांत कोठे जायचे किंवा काय करायचे ते कळते, आणि ज्याला पाऊल उचलायचे आहे त्यालाच स्वप्न पडते. काकूंच्या स्वप्नात यजमान काय म्हणाले तेच ऐकू आलेले नव्हते. ते वाक्य प्रार्थनासभेतल्या बाईंनी भरले होते.

दुसऱ्याच्या निर्णयाविषयी पडलेले स्वप्नही शास्त्रात आहे, ते येशूचा न्यायनिवाडा करणाऱ्या रोमी सुभेदार पिलाताच्या पत्नीचे. ती न्यायासनावर बसलेल्या नवऱ्याला निरोप पाठवते की या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका, मला स्वप्नात फार यातना झाल्या. तिने सांगितले, आणि निर्णय पिलाताचा राहिला. हे ऐकून काकू बराच वेळ गप्प बसल्या. मग मी विचारले, "मुलाला सांगितलंत?" त्यांनी मान हलवली. प्रार्थनासभेला, पाळकसाहेबांना, नणंदेला आणि शेजारणीला ठाऊक असलेले स्वप्न मुलाला मात्र आईने सांगितलेले नव्हते. त्याच्या कानावर ते मित्राकडून गेले होते आणि तो चार दिवस आईशी बोलत नव्हता.

पुढच्या भेटीला त्या दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आल्या. पहिले स्वप्न पडले त्या पहाटे त्यांनी ते मागच्या पानावर लिहिले होते. मी ते वाचायला सांगितले. त्यात यजमान बॅग बसच्या टपावर चढवत होते. आमच्या पहिल्या भेटीत मात्र काकू म्हणाल्या होत्या की ते बॅग खाली ओढत होते. मी काही बोलले नाही, त्यांनीच ते पान दोनदा वाचले. अर्थ आधी मिळाला की आठवण त्याच्याकडे वळत जाते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. म्हणून स्वप्न कोणाला सांगण्यापूर्वी लिहून ठेवावे, असे मी आवर्जून सुचवते. टपावर चढवलेली बॅग म्हणजे आशीर्वाद, असा उलटा अर्थ मी लावला नाही. तो लावला असता तर मी आणि त्या प्रार्थनासभेतल्या बाई यांत फरक उरला नसता.

झोपेकडेही पाहणे भाग होते. ठसठशीत स्वप्ने रात्रीच्या उत्तरार्धात अधिक पडतात, आणि त्याच वेळी उठण्याची सवय लागली की ती जास्त लक्षात राहतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तसे होते, म्हणून डॉक्टरांना विचारायला सांगितले; काकूंची गोळी त्यातली नव्हती. वारंवार येणाऱ्या भयस्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून मनात घोळवण्याची एक उपचारपद्धत आहे. ती मी येथे वापरली नाही. काकूंच्या लेखी ते स्वप्न पवित्र होते, आणि त्यावर हात चालवणे त्यांना अपराध वाटले असते.

त्याऐवजी प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट सांगितली. मुलगा विश्वासापासून दुरावलेला असताना तिला स्वप्न पडले की तो तिच्याच शेजारी उभा आहे. ते खरे व्हायला जवळपास नऊ वर्षे गेली. मात्र पुढे त्याच्या लग्नाविषयी देवाने स्वप्नात काही दाखवावे म्हणून तिने प्रार्थना केली, तेव्हा जे दिसले ते आपल्याच मनाच्या तळमळीचे आहे हे तिने ओळखले आणि त्याला महत्त्व दिले नाही. दोन्हींतला फरक शब्दांत सांगता येत नाही, एका चवीने कळतो, असे ती म्हणे. काकूंनी विचारले, "मग माझ्याला कसली चव आहे?" थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "स्टँडची. आठ वर्षांपूर्वीची." त्या दिवशी त्या यजमानांविषयी पहिल्यांदा मनमोकळेपणी रडल्या. तोवर आम्ही फक्त मुलाविषयी बोलत होतो.

बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 37 व्या अध्यायात याकोबाचा सतरा वर्षांचा मुलगा योसेफ (मरीयेचा पती नव्हे, त्याच नावाचा जुना योसेफ) आपली स्वप्ने सांगतो तेव्हा याकोब त्याला रागावतो, पण ती गोष्ट मनात ठेवतो. त्या स्वप्नांत दिसल्याप्रमाणे योसेफाचे भाऊ त्याच्यापुढे वाकले तेव्हा वीस वर्षे उलटून गेली होती. काकूंना मी एवढेच सुचवले की स्वप्न याकोबासारखे मनात ठेवावे, पासपोर्ट डब्यातून काढावा, आणि मुलाला ते एकदाच, पहाटे लिहिले तसे, अर्थ न लावता वाचून दाखवावे.

रविवारी जेवणानंतर त्यांनी वाचून दाखवले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पांनी शर्ट कोणता घातला होता?" काकूंनी सांगितले, निळ्या चौकड्यांचा. तो काही बोलला नाही. मस्कतला जायचा दिवस त्याने बदलला नाही, पण त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, आणि त्यात मार्च महिन्याच्या दुधाचा अर्धा हिशेबही आला.