हवामानशास्त्रज्ञ किती मोठा, हे एच-इंडेक्सवरून कळतं का?

तुम्ही साताऱ्यात एमएस्सी करताय आणि मान्सूनवर पीएचडी करायची आहे. ज्यांना गाइड म्हणून विचारायचं मनात आहे, त्यांच्या गूगल स्कॉलरच्या (संशोधन-लेख शोधून देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या) पानावर एच-इंडेक्स चाळीसच्या पुढे दिसतो, तर त्यांना मोठे शास्त्रज्ञ समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारं नॅक आलं की प्राध्यापकांचे पेपर आणि सायटेशन (म्हणजे इतरांनी त्या पेपरांचे दिलेले संदर्भ) काढून द्यायचं काम माझ्याकडेच येतं, म्हणून उत्तर लिहितोय.

एच-इंडेक्स हे माप खोर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलं. ४० म्हणजे त्यांचे किमान ४० पेपर असे आहेत, ज्यांचा प्रत्येकी किमान ४० वेळा संदर्भ दिला गेलाय. हे काही कमी नाही. पण पन्नास जणांनी मिळून लिहिलेल्या पेपरात नाव कितव्याही जागी असलं तरी श्रेय सारखंच धरलं जातं, आणि हवामानशास्त्रात असे मोठ्या चमूचे पेपर भरपूर असतात. वय वाढेल तसा आकडाही वाढतो. त्यात 'एस. पाटील' किंवा 'ए. कुलकर्णी' असं नाव असेल, तर दुसऱ्याच कुणाचे पेपर त्या पानावर येऊन बसलेले असू शकतात. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक, असेल तर तो आधी जुळवून पाहा.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की सायटेशन मोजत बसू नका, उघडून वाचा. कुणी संदर्भ दिलाय आणि कशासाठी दिलाय, ते पाहा.

उदाहरण आपल्या पावसाचंच घेऊ. मान्सूनचे अभ्यासक बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा २००६ चा 'सायन्स' या नियतकालिकातला पेपर. मध्य भारतात १९५१ ते २००० या काळात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या, त्यामुळे हंगामाच्या सरासरीत फारसा फरक दिसत नाही, असं त्यांनी दाखवलं. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये वेगळं चित्र मांडलं: देशभर सगळीकडे सारखा कल दिसत नाही, जागोजागचा फरक मात्र वाढतोय. मग २०१७ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममधल्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या) रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या चमूने १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा संबंध त्यांनी दाखवला. मोजणाऱ्या यंत्राला समर्थन आणि विरोध यातला फरक कळत नाही, ते दोन्हीकडे एकच सायटेशन धरतं. पण इतकी वर्षं इतक्या लोकांना ज्या प्रश्नावर वाद घालावासा वाटला, तो प्रश्न उभा करणं हाच मोठा प्रभाव, असं मी मानतो. २०१९ चा महापूर पाहिलेल्या आम्हा सांगलीकरांना तर हा वाद पुस्तकी वाटतच नाही.

काही काम याहूनही शांतपणे चालतं. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी जुळवून १९०१ ते २०१० या काळातल्या रोजच्या पावसाचा चौकटवार (नकाशाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकातला पाऊस देणारा) संच तयार केला. त्यावरचा पेपर २०१४ मध्ये आपल्या हवामान खात्याच्याच 'मौसम' या नियतकालिकात आला. बाहेरच्या बड्या जर्नलच्या तुलनेत 'मौसम'चा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात याचं माप) अगदीच कमी. तरी भारतातल्या पावसावर काम करणारे असंख्य लोक हाच डेटा वापरतात. जर्नलच्या नावावरून पेपरची किंमत करणाऱ्यांनी हा पेपर जरूर पाहावा.

मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळांचं नाव तर घ्यायलाच हवं. हवामानशास्त्रज्ञ सिक्का यांच्याबरोबरचा त्यांचा १९८० चा मान्सूनच्या ढगपट्ट्यावरचा पेपर पायाभूत मानतात. पण आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागातल्या कोरडवाहू भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणी कधी करावी याचा त्यांनी जो अभ्यास केला, त्याचा शेतावर काय उपयोग झाला हे कुठल्या इंडेक्समध्ये दिसणार? जत-आटपाडीसारख्या आमच्या दुष्काळी भागातला माणूस त्याचं मोल लगेच ओळखेल.

आता तुमच्या कामाचं. त्या शास्त्रज्ञांचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर काढा आणि पहिला लेखक कोण आहे ते बघा. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पुन्हा पुन्हा दिसत असतील तर गाइड म्हणून ती चाळीसच्या आकड्यापेक्षा मोठी खूण आहे. ते विद्यार्थी पुढे कुठे गेले, तेही शोधा. मग त्यांचा एक पेपर नीट वाचून, त्याला कुणी आक्षेप घेतला असेल तर तोही वाचून, त्यावर एक नेमका प्रश्न पत्रात विचारा. 'आपल्या कार्याने प्रभावित झालो' असली वाक्यं नकोत. आणि साताऱ्याचेच आहात, तर महाबळेश्वरला २०१२ पासून आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथल्या निरीक्षणांवरचे पेपरही चाळून पाहा. तुमचा विषय कदाचित तिथेच सापडेल.