रिपोर्ट एआयने वाचला, तर आम्हाला सांगायला नको का?

हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, आणि विचारताना उगाच ओशाळतात, म्हणून एक केस सांगते (ओळख अर्थातच बदललीय).

इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या एक काकू, शुगर बरीच जुनी. मुलाने नेऊन डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून आणला, लगेच रिपोर्ट हातात, सगळं नॉर्मल. घरी नातवाने खालची बारीक ओळ वाचून दाखवली, एआयच्या मदतीने तपासणी केली म्हणून, आणि काकूंची झोपच उडाली. माझ्यासमोर रिपोर्ट उलगडला, त्या ओळीवर बोट ठेवलं, "ताई, डॉक्टरांनी बघितलंच नाही का हो? मग ही सही कसली?" मुलगा वैतागला, "अगं आई, नॉर्मल आलंय ना, कशाला टेन्शन घेतेस!"

मी त्याला म्हटलं, जरा त्यांचं ऐकून घे. मशीन चुकेल ही भीती होतीच, पण जास्त लागलं होतं ते हे की आपल्याच डोळ्याबद्दल आपल्याला कोणी धड सांगितलं नाही. हे लागणारच, त्यात वय किंवा शिक्षण कमी असण्याचा काही संबंध नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही पेशंटची माहितीपूर्ण संमती आहे. आणि २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) नियमांप्रमाणे एआय डॉक्टरला मदत करू शकतं, पेशंटला स्वतः औषध लिहून देऊ शकत नाही. म्हणजे उत्तर द्यायला डॉक्टर बांधील आहेतच, विचारलं की त्यांचा अपमान होतो हे डोक्यातून काढाच.

मग आम्ही बसून प्रश्न लिहिले. फोटो कोणत्या डॉक्टरने स्वतः बघितला? मशीन आणि डॉक्टरांचं मत वेगळं आलं तर कोणाचं धरायचं? आणि हे मशीन नेमकं कोणता आजार शोधतं? हा तिसरा फार कामाचा, कारण अशी बरीच सॉफ्टवेअर फक्त शुगरमुळे पडद्याला झालेली इजा शोधतात, तिथलं नॉर्मल म्हणजे अख्खा डोळा नॉर्मल असं नाही. काकूंच्या आईला काचबिंदू होता, ते तिथे कोणी विचारलंच नव्हतं.

काकू चिठ्ठी घेऊन परत गेल्या. डॉक्टरांनी फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला, आधीच बघून सही केली होती म्हणाले, आणि आईचं कळल्यावर काचबिंदूची वेगळी तपासणी पण लिहून दिली. हेच कॅमेऱ्यापुढे बसवताना दोन वाक्यात सांगितलं असतं तर एवढी घालमेल झालीच नसती ना!

तुम्हीही विचारा, फक्त काउंटरवर नको, तिथल्या मुलांना माहीत नसतं, थेट डॉक्टरांनाच विचारा, आणि घरात कोणाला काय आजार होते तेही त्याच वेळी सांगा.