आईला वाढायला घेऊन जा

एका वाचकाने विचारलंय : आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आली आहे. थँक्सगिविंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या सणाला, जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी मोफत जेवण असतं. तिथे वाढायला जायचं मनात आहे, आईलाही न्यावंसं वाटतं. पण बायको म्हणते, आईंना झेपायचं नाही, आणि आई म्हणते, "मला इंग्रजी येत नाही, तिथे माझं काय काम?" न्यावं का?

न्या. जरूर न्या.

इथे आलेल्या आईवडिलांचे दिवस कसे जातात ते आपण सगळे बघतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही. मुंजी-बारशांत पंगतीच्या पंगती वाढलेली बाई इथे डिशवॉशर रिकामा करण्यापुरती उरते. त्यामुळे तिला झेपेल का, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. तिला येतं ते काम तिच्या हाती पडेल का, हे आधी बघा.

आणि ते पडतं. अशा जेवणात बहुतेक ठिकाणी लांब टेबलामागे वाढपी ओळीने उभे असतात, प्रत्येकाकडे एकच पदार्थ. आपल्या पंगतीत एकाकडे भात, दुसऱ्याकडे वरण, तिसऱ्याकडे तूप असतं, तसंच. समोर ताट आलं की ठरलेल्या मापाने वाढायचं, चेहऱ्याकडे बघून हसायचं, पुढच्या ताटाकडे वळायचं. याला लागणारं इंग्रजी तुम्ही आईला चहा पिता पिता शिकवाल. "हॅपी थँक्सगिविंग", "वुड यू लाइक सम?", "यू आर वेलकम", एवढ्यावर निभतं. भाषा येत नाही म्हणून तिला मागे भांडी घासायला उभं करू देऊ नका. संयोजक मुद्दाम तसं करत नाहीत, पण तुम्ही बोलला नाहीत तर सहज तसं होऊन जातं.

एक गोष्ट मात्र घरूनच सांगून न्या. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय वाढल्यासारखं वाटत नाही. इथे सगळ्यांना पुरावं म्हणून माप ठरलेलं असतं, आणि दुसऱ्यांदा मिळणार असेल तर ते सगळ्यांचं एकदा झाल्यावर. "नो, थँक यू" म्हणजे नको. तिथे पळी पुढे न्यायची नाही. पदार्थात काय आहे असं कुणी विचारलं तर आईने अंदाजाने हो-नाही म्हणू नये, शेजारच्याला विचारावं. समोरच्याला ॲलर्जी असू शकते.

आई शाकाहारी असेल तर नाव नोंदवतानाच सांगा की टर्की (कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचं मांस) किंवा हॅम (डुकराचं मांस) वाढायला देऊ नका. संयोजकांना अशा विनंत्यांची सवय असते. ब्रेड, क्रॅनबेरी सॉस, सॅलड, पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) यांपैकी काहीतरी मिळतं. तिच्या स्वतःच्या जेवणाचं मात्र घरूनच उरकून निघा, कारण जे शाकाहारी दिसतं ते तसं असेलच असं नाही. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते, स्टफिंगमध्ये, म्हणजे पावाच्या मसालेदार सारणात, बहुधा चिकनचं पाणी असतं, रताळ्यावरच्या मार्शमेलोत प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. नंतर कळून तिला हळहळ वाटण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

आता बांगड्या. हे वाचून काहींना राग येईल, पण आयत्या वेळी दारात अपमान झाल्यासारखं वाटू नये म्हणून लिहिते. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीत, अन्न हाताळणाऱ्याच्या हातात साध्या अंगठीखेरीज दागिना नको असं आहे. सार्वजनिक स्वयंपाकघरं हा नियम कमीअधिक काटेकोरपणे पाळतात. ज्यांनी लग्नापासून हात कधी ओका ठेवला नाही त्यांना हे जड जाईल. आधी विचारून घ्या. बांगड्या चालत नसतील तर आईचं मन बघून ठरवा. टेबलं मांडणं, नॅपकिनमध्ये काटे-चमचे गुंडाळणं, जेवणाऱ्यांना जागेवर नेऊन बसवणं यासाठी सहसा बांगड्यांची अडचण येत नाही. मंगळसूत्र कपड्याच्या आत, केस बांधलेले, पायात पुढून बंद बूट. चपला नकोत, गरम ग्रेव्ही सांडते.

आई म्हणेल, मी थोडे लाडू करून नेते. घरी शिजवलेलं बहुतेक संस्था घेत नाहीत, आणि त्यात अविश्वास नसतो. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर, थंड 4 अंशांच्या खाली ठेवायचे, कशात काय घातलंय हे सांगता आलं पाहिजे, हे सगळं त्यांना पाळावं लागतं. शेंगदाणे, काजू-बदाम, दूध, गहू हे इथे मुख्य ॲलर्जीकारकांच्या यादीत आहेत, आणि 2023 पासून तीळही. तिला काही द्यायचंच असेल तर संस्थेची यादी मागवा आणि तिला सोबत घेऊन दुकानातून बंद पाकिटं आणा.

गुडघे दुखत असतील तर दोन तासांची पाळी मागा. ओळीत उभं राहण्यापेक्षा टेबलाशी बसून सोबत करणारी माणसंही अनेक ठिकाणी हवी असतात. या जेवणाला फक्त बेघर लोक येतात असं नाही. एकटे राहणारे म्हातारे, घरी जायला पैसे नसलेले विद्यार्थी, सुट्टीतही ड्यूटी करून आलेले कामगार येतात. तुमचे बाबाही आले असतील तर त्यांना तिथे बसवा. आयुष्यभर नोकरी केलेला माणूस दुसऱ्या तशाच माणसाशी तुटक्या इंग्रजीतही तासभर बोलू शकतो. मात्र "तुम्ही इथे का जेवता?" हा प्रश्न नाही, आणि जेवणाऱ्यांचे फोटो तर अजिबात नाहीत. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असेल तर आईचा ॲप्रन घातलेला एकटीचा फोटो स्वयंपाकघरात काढा.

व्हिसाबद्दल. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. धर्मादाय संस्थेत, एरवीही स्वयंसेवकच करतात असं काम, काहीही मोबदला न घेता करणं ही नोकरी धरली जात नाही. कुणी आभार म्हणून गिफ्ट कार्ड दिलं तर नम्रपणे परत करा. ओळखीच्या माणसाच्या हॉटेलात किंवा दुकानात "जरा हातभार" मात्र लावू नका, फुकटही नाही. तो धंदा आहे, तिथे नियम वेगळा लागतो.

थँक्सगिविंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो आणि त्या दिवसाच्या पाळ्या बऱ्याच आधी भरतात, म्हणून ऑक्टोबरमध्येच फोन करा. मुलांना न्यायचं असेल तर वयाची अट विचारा. आणि जागा भरल्या असं उत्तर आलं तर फोन ठेवण्याआधी जानेवारीचं विचारा. सणासुदीला मदतीला माणसांची रीघ लागते, नाताळ सरला की हात कमी पडतात आणि जेवायला येणारे मात्र तेवढेच राहतात. तुमची आई तेव्हा इथेच असेल. आठवड्यातली एक ठरलेली सकाळ मिळाली, तर थँक्सगिविंगच्या एका दिवसापेक्षा मी तीच निवडेन. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिथली माणसं तिला नावाने ओळखू लागतील, आणि तुम्हाला कामावर जायचं असेल त्या दिवशी तिला न्यायला-सोडायला त्यांच्यातलंच कुणी तयार होईल.