रात्री चित्रं काढणारी बाई

प्रश्न : संपादक भाऊ, मागच्या अंकात तुम्ही लंडनच्या चित्रं काढणाऱ्या मॅज गिलबद्दल दोन ओळी लिहून मोकळे झाले. आमच्या घरी मोठीआई आहे, चौथी शिकलेली, वावरातून आली, जेवणं झाली अन् सगळे झोपले की बॉलपेन घेऊन बियाण्याच्या बिलांच्या मागं बायांचे चेहरे काढत बसते, कोणाले दाखवत नाई. हे गिलबाई खरंच कुठी शिकली नव्हती का? अन् चित्रं विकत काऊन नव्हती? मोठीआईचे चित्रं मी गुपचूप नागपूरले नेऊन दाखवू का?
– एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : गुपचूप तर अजिबात नका नेऊ बाप्पा, पण त्याकडं नंतर येतो.

नाही, गिलबाईला चित्रकलेचं शिक्षण काहीच नव्हतं. जन्म 1882 चा, आईचं लग्न झालेलं नव्हतं म्हणून घरच्यांनी पोरीला लपवूनच ठेवलं, नऊ वर्षांची झाली तर अनाथाश्रमात टाकलं, अन् तिथून कॅनडात शेतावर राबायला पाठवून दिलं. परत आली, नर्स झाली, मामे-मावसभावातच लग्न झालं, मग एक पोरगा तापाच्या साथीत गेला, पुढच्या वर्षी मुलगी मेलेलीच जन्मली, त्यात स्वतः मरता मरता वाचली अन् डावा डोळा गेला. 1920 मध्ये, वय अडतीस, एकदम चित्रं काढायला लागली. शाई-पेन, बहुतेक रात्रीच, उजेडही जेमतेम.

पोस्टकार्डापासून मांजरपाटाच्या ताग्यापर्यंत जे हाती येईल त्यावर काढायची (हो, तोच आपला मांजरपाट). 1936 चं एक चित्र दहा मीटरच्या वर लांब आहे. तागा गुंडाळलेला, समोर येईल तेवढाच तुकडा भरायचा, म्हणजे पूर्ण चित्र तिला काढताना दिसतच नव्हतं! त्यात तुमच्या मोठीआईसारखेच बायांचे चेहरे, एकामागं एक, मधात जिने, चौकडी फरशी, अन् कोरी जागा नावाला नाही.

विकत नव्हती कारण तिच्या मते ती चित्रं तिची नव्हतीच. मिर्निनेरेस्ट नावाचा आत्मा हात चालवते म्हणायची, सहीही कितीकदा त्याच्याच नावाची. आपल्याकडं अंगात येणं म्हणतात तसं समजा. मला आत्म्याचं काही पटत नाही, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायला याच्यापेक्षा पक्कं कारण मी ऐकलं नाही. व्हाइटचॅपल गॅलरीत मात्र 1932 पासून चित्रं पाठवायची, म्हणजे दाखवायला तिची ना नव्हती. 1961 मध्ये वारली तेव्हा कपाटात, पलंगाखाली ढीगच्या ढीग निघाले, त्यातले बरेचसे आता लंडनच्या न्यूहॅम पालिकेकडं आहेत.

आता मोठीआई. तिलाच विचारा, दाखवायचं का? नाही म्हणाली तर विषय संपला. तोवर बिलं टिनाच्या पेटीत ठेवा, उधईपासून वाचवा, पेपरात गुंडाळू नका, अन् फ्रेम करून उन्हात लावायचं तर डोक्यातही आणू नका, बॉलपेनची शाई उडते.