‘अंडर द वेदर’ कुणाला म्हणायचं, कुणाला नाही

बाय, तुझा प्रश्न वाचून आधी हसले. इंग्लंडातल्या स्विंडनच्या नर्सिंगच्या नोकरीसाठी फोनवर मुलाखत चालू असताना ती बाई ‘आय ॲम अ बिट अंडर द वेदर टुडे’ म्हणाली आणि तू गोव्यात, डिचोलीत बसून तिला तिकडे पाऊस आहे का विचारलंस. आता तुला काळजी पडली आहे की असलं इंग्रजी येत नसताना नवऱ्याला आणि दुसरीतल्या पोराला घेऊन जायचं कसं. हसून झाल्यावर मात्र मला झोप लागेना. व्हिसा, नोंदणी, घरभाडं यावर मी काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि माझ्यापेक्षा तुलाच ते जास्त कळेल.

अंडर द वेदर म्हणजे जरा बरं नाही, पण घाबरण्यासारखं काही नाही. सर्दी, कणकण, अंग जड, असंच काहीतरी. वाऱ्यापावसात आजारी पडलेल्या खलाशाला डेकखाली पाठवायचे, त्यावरून हे आलं असं सांगतात. खरं-खोटं बोटवाले जाणोत. माझे मामा जन्मभर तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी होते, त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नाही.

सहकाऱ्यांशी बोलताना ते खुशाल वापर. जेवणाच्या सुट्टीत कुणी ‘ठीक आहेस ना’ विचारलं की एवढं म्हणायचं, तो ‘ओ डिअर’ म्हणतो, विषय संपतो. त्याला तपशील नको असतो. आपण अंगात कसकस कधी सुरू झाली, पेज किती घेतली, कशाय प्यायल्यावर घाम आला की नाही, सगळं सांगत बसतो. इथे तसं केलंस तर समोरचा मागे सरकत सरकत दारापर्यंत जाईल. फक्त सोमवारी सकाळी जपून. आदल्या रात्रीची उतरली नाही, असाही अर्थ त्यातून निघतो, आणि आपण गोव्याचे म्हटल्यावर लोकांना समुद्र आणि दारू एवढंच आठवतं. आमचा सुपरवायझर मला डोळा मारून ‘चांगली पार्टी झाली वाटतं’ म्हणाला होता. माझी तेव्हा एकादशी होती.

‘सिक’ हा शब्दही सांभाळून. आपण कुठल्याही आजाराला सिक म्हणतो. इथे शाळेत ‘ही इज सिक’ म्हटलंस की त्यांना उलटी झाली असं वाटतं, आणि शेवटच्या उलटीनंतर 48 तास मूल घरी ठेवायला सांगतात.

तुझ्या कामातलं एक सांगते, कारण मीही आता वृद्धाश्रमात काम करते. ही म्हातारी माणसं मरणाच्या दारात असली तरी ‘जस्ट अ बिट अंडर द वेदर, लव्ह’ म्हणतात. आमच्याकडच्या एक आजी सकाळी असं म्हणाल्या आणि दुपारी त्यांना न्यूमोनिया झालाय म्हणून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. त्यांनी हे म्हटलं की आधी हात धर, श्वास मोज. तू नर्स आहेस, तुला शिकवायला नको, पण पहिल्या महिन्यात त्यांचं हसणं बघून फसायला होतं.

नवऱ्याच्या आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढावा का, हेही विचारलंयस. इंग्लंडसाठी असेल तर नको. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून, नव्याने येणाऱ्याला त्यावर इथे कामाचा हक्क मिळत नाही. आम्ही त्याआधी आलो. तेव्हासुद्धा आजोबांच्या नोंदीत शेट हे आडनाव ‘एक्स’ने सुरू होणारं, वडिलांच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर वेगळं, माझ्या पासपोर्टवर तिसरंच. हा एकच माणूस आहे हे शपथेवर सांगता सांगता आमचं दीड वर्ष गेलं आणि पणजीच्या नोटरीला आमची जात-गोत पाठ झाली. एकदा कारकुनाने लिहिलं की ते खरं, तुम्ही समोर जिवंत उभे असलात तरी.

शाळेतही तेच झालं. मूल येणार नसेल तर सकाळी शाळेच्या फोनवर निरोप ठेवायचा असतो. आमचा मुलगा 39 तापाने फणफणला होता, कान ठणकत होता. नवरा रात्रपाळी करून आला होता. गोदामात शिकलेली भाषा वापरून त्याने ऐटीत सांगितलं, ‘ही इज अ बिट अंडर द वेदर.’ आठवड्याने पत्र आलं: त्या दिवसाची गैरहजेरी विनापरवानगी. मी अँटिबायोटिकची बाटली घेऊन गेले, लेबलावर पोराचं नाव आणि तारीख. हजेरी बघणारी बाई फार गोड बोलली. म्हणाली, निरोपात जे आहे तेच नोंदवलंय, आणि एवढ्याशा कारणासाठी मूल घरी ठेवणं शाळेच्या धोरणात बसत नाही. तिने एक अक्षरही बदललं नाही. वर्षाच्या शेवटी शंभर टक्के हजेरीवाल्यांसाठी मैदानात फुगवलेला किल्ला आणला, उड्या मारायला. बाकीची मुलं वर्गाच्या खिडकीतून बघत होती. आजारपणाची नोंद नीट झाली असती तरी याचे शंभर टक्के भरले नसते, हे मला कळतं. राग गेलेला नाही. पोरगा आता कॉलेजात आहे, त्याला यातलं काही आठवत नाही.

म्हणून शाळा, डॉक्टरच्या क्लिनिकचा स्वागतकक्ष आणि 111, म्हणजे आजारपणात सल्ला देणारा सरकारी फोन, यांच्याशी बोलताना वाक्प्रचार नको, आकडे सांग. ताप किती, कधीपासून, पाणी पितोय का, लघवी झाली का. आकडा सेल्सिअसमध्ये. 102 म्हटलंस तर पलीकडे शांतता पसरते. मुलाला 38 किंवा त्याहून जास्त असेल तर इथे ताप धरतात.

एकटेपणा येतो. सगळ्यांनाच येतो, त्यावर काय लिहायचं.

त्याच वर्षी भावाचा म्हार्दोळहून फोन आला, ‘आईक मातशें बरें ना, तूं धांवनाका.’ म्हणजे आईला जरा बरं नाही, तू धावत येऊ नकोस. शाळा सुरू असताना पोराची रजा मागायला मी त्या गोड बाईसमोर पुन्हा उभी राहणार नव्हते. सत्र संपल्यावर निघालो. आईला तोवर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं होतं आणि तिचं बोलणं थांबलं होतं. भाऊ म्हणतो, मी तुला घाबरवायचं नाही म्हणून तसं बोललो. आमच्या घरात ही गोष्ट अजून कुणी काढत नाही. तुला का सांगते आहे, मलाच माहीत नाही. निघण्यापूर्वी तुझ्या घरातल्या एका माणसाला, शक्यतो रडक्या नसलेल्या, बजावून ठेव: मला खरा आकडा सांगायचा, डॉक्टरचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, येऊ की नको ते मी ठरवीन.

शाळेच्या फॉर्ममध्ये अडीअडचणीला बोलवायला आईबापांखेरीज आणखी कुणाचं नाव मागितलं तर माझं घाल. मी स्विंडनातच असते, दुपारी दोननंतर सुटते.